सुट्टीचा डबा

४ जानेवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्याबरोबरचा भुरीच्या विक्रीचा कागद मिळाला. बाबांनी तबेला आपल्या दोघांच्या नावावर ठेवला नसता तर घोडी परस्पर गेली असती आणि मला पत्ताही लागला नसता. मी सही करणार नाही. कागदाची मागची बाजू कोरी होती, हे पत्र तिथेच लिहिते आहे, म्हणजे तो परत पाठवण्याचा प्रश्न मिटला.

तू लिहितोस की घोडी कामचुकार झाली. सोमवारी सुट्टी, आणि मंगळवारी बाहेर काढली की पंधरा मिनिटांत अडते. घामाने निथळते, मागचे पुठ्ठे लाकडासारखे होतात, पाऊल टाकत नाही. मेजर म्हणतात, चाबूक दाखवल्याशिवाय हिचं सोंग उतरत नाही. आणि मग पत्राच्या शेवटी, जाता जाता, तू एक ओळ टाकतोस: लघवी काळपट होते.

सोंग घेणाऱ्या प्राण्याची लघवी काळी होत नाही. स्नायू फुटतात, त्यांतला रंग रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतो, तेव्हा ती कॉफीसारखी दिसते. म्हणजे तुझी घोडी दर मंगळवारी आतून फाटते आहे, आणि तुझा तो निवृत्त मेजर तिला त्याच पायांवर चाबकाने चालवतो आहे. घोडेस्वारी शिकवायला ठेवलेल्या माणसाला घोडा कळत नसेल तर त्याला सायकली भाड्याने द्यायला बसव.

तांबडा तुला आठवणार नाही, तू पाच वर्षांचा होतास. तो असाच मंगळवारी अडला होता. बाबांनी चाबूक घेऊन त्याला मैदानाची फेरी मारायला लावली. अर्ध्या फेरीत तो खाली बसला आणि तिसऱ्या दिवशी गेला. मी तेरा वर्षांची होते. त्यानंतर बाबांशी घोड्यांबद्दल एक शब्द बोलले नाही, हे तुला माहीत आहे. आता त्यांचाच कित्ता तू गिरवू नकोस.

घोडी अडली की एक पाऊलही चालवायची नाही. ठाणावर, तिच्या जागी, उभी ठेवायची, पाणी द्यायचं, डॉक्टर बोलवायचा. आणि ती दिवसभरात काय खाते ते मला लिहून पाठव, वजनासकट. "दोन टोपल्या" असलं काही लिहू नकोस. टोपली हे माप नाही.

फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही आणि तुला ऐकून घ्यायचं नसतं.

ताई

११ जानेवारी

ती. ताईस,

सा. न.

तूच एकदा लिहिलं होतंस की तबेल्याबद्दल मला अक्षर कळवू नकोस. ते मी एकवीस वर्षं पाळलं. मुलांच्या मुंजी-लग्नांपासून माझ्या पथरीपर्यंत सगळं लिहिलं, घोड्यांचं कधी लिहिलं नाही. आता सही लागते म्हणून लिहिलं तर पहिल्याच पत्रात मी कसाई. बरं.

यादी अशी. सकाळी दोन किलो ओट आणि जव, काकवी घालून. संध्याकाळी तेवढंच. वाळलं गवत पाच किलो, कधी सहा. सुट्टीच्या दिवशीही हेच. इथल्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. तुझ्याच विद्यार्थिनी निघाल्या, तुझं नाव काढताच खुर्चीत सरळ झाल्या. त्यांनी रक्त तपासायला नेलं. स्नायूंचा त्रास आहे हे खरं, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या पुस्तकात या रोगाला सोमवारचा रोग म्हणतात. मी म्हटलं, मग आमचा नव्हे, आमची घोडी मंगळवारी अडते. त्यावर त्या माझ्याकडे तू बघायचीस तशा बघत राहिल्या.

ताई, माझीही बाजू ऐक. आपल्या घोडेस्वारीच्या शाळेत नऊ घोडे आहेत. लहान मुलं त्यांच्यावर बसतात. गेल्या महिन्यात भुरी अडली तेव्हा पाठीवर सात वर्षांची मुलगी होती. घोडी खाली बसली असती तर? मेजर तोंडाचे फटकळ आहेत, पण मुलांना त्यांनी आजवर ओरखडा येऊ दिलेला नाही.

तू सांगशील तसं मार्चअखेरपर्यंत करतो. या मुदतीत घोडी तीनदा अडली तर तू सही करायचीस. कोऱ्या बाजूवर पत्र न लिहिता.

धाकटा

१७ जानेवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद. अट मान्य. मी शब्द फिरवत नाही.

रोगाला सोमवारचं नाव पडलं कारण ज्यांनी ते ठेवलं त्यांचे घोडे रविवारी मोकळे असायचे. तुझे सोमवारी मोकळे असतात. एवढं कळायला विद्यापीठात जावं लागत नाही, बोटं मोजता आली की पुरे.

नीट वाच. चंदीतली, म्हणजे त्या ओट-जवातली, साखर घोड्याच्या स्नायूंत साठते. काही घोड्यांच्या अंगात ती जन्मतःच जास्त साठते. कामाच्या दिवशी जळते तरी. सुट्टीच्या दिवशी तेवढंच खाऊन घोडा उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला की स्नायू आखडतात आणि फुटतात. औषध त्याच्या बादलीत आहे, बाटलीत नाही.

म्हणून ओट, जव आणि काकवी बंद. टप्प्याटप्प्याने, सात दिवसांत. वाळलं गवत नऊ किलो, तासभर पाण्यात भिजवून पाणी फेकून द्यायचं, म्हणजे त्यातली साखर निघून जाते. ताकद यावी म्हणून गोडं तेल. पहिल्या दिवशी अर्धी वाटी, रोज थोडं वाढवत तीन आठवड्यांत दोन वाट्या. सोयाबीनच्या टरफलांत कालवून दे. ई जीवनसत्त्व आणि क्षार किती ते डॉक्टरीणबाईंना विचार, मी त्यांना वेगळं लिहिलं आहे. त्या परीक्षेत दुसऱ्या आल्या होत्या, पहिल्या यायला हव्या होत्या. आणि रोज चालवायचं. सोमवारीसुद्धा, अर्धा तास, हातात धरून. सुट्टी माणसांना असते.

हे सगळं कागदावर लिहून ठाणासमोर लाव. त्या कागदावर नाही ते तिच्या तोंडात जाता कामा नये.

ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न.

कागद ठाणासमोर लावला. स्वयंपाकघरातला काटा तबेल्यात नेला म्हणून घरात दोन दिवस अबोला होता. गवत मी स्वतः तोलतो. तेलाने घोडीच्या मिशा कायम चकाकतात. मेजर म्हणाले, "हिला आता फक्त फोडणी द्यायची राहिली." पण गुपचूप खुराक करून दिलाही त्यांनीच, टरफलं त्यांच्या तळहाताखाली एकजीव होतात म्हणे.

पहिले दोन आठवडे तर मी तुला तार करायच्या बेतात होतो. सोमवारी एकट्याने घोडे सांभाळणारे आपले मोतद्दार काका लेकीकडे गेले होते, म्हणून सोमवारीही मीच घोडीपाशी होतो. दोन्ही मंगळवार तिने पाऊण तास काम केलं, कान टवकारून.

काल पुन्हा अडली. काका शनिवारी परतले, सोमवारी नेहमीसारखे एकटे होते, माझी खात्री आहे की त्यांनी भिजवलेलं गवतच दिलं, मी तोलून ठेवून गेलो होतो. तरी मंगळवारी दहाव्या मिनिटाला पुठ्ठे दगड. चालवली नाही, मी मध्ये उभा राहिलो. डॉक्टरीणबाई म्हणतात, खाण्यात कुठेतरी काहीतरी चुकतं आहे. मी म्हटलं, माझ्या खाण्यात चुकत असेल, तिच्या नाही.

एक झालं. दोन उरले.

धाकटा

१६ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद नाहीत.

चौतीस वर्षं मुलांची उत्तरं तपासली आहेत. "आम्ही अगदी सांगितल्याप्रमाणे केलं पण निकाल आला नाही" हे उत्तर मी इतक्यांदा वाचलंय की ते कोणाच्या अक्षरात आहे हे बघायचीही गरज पडत नाही. दोन आठवडे पाळलंस, घोडी सुधारली, तुला वाटलं झालं काम, आणि हात सैल सोडलास. कोणीतरी मूठभर ओट टाकले. तू किंवा मेजर. तोंड वळवून घोडीने मागितलं असेल आणि तुमचं मन द्रवलं असेल. चाबूक मारताना न द्रवणारी मनं चंदी देताना बरी द्रवतात.

तुला लहानपणापासून ही सवय आहे. फुलदाणी फुटली की वाऱ्याने पडली. मी खोटं सहन करत नाही. काय दिलंत ते लिही.

ताई

२५ फेब्रुवारी

ताई,

मधला मंगळवार विश्रांती दिली होती, काल बाहेर काढली आणि दुसऱ्यांदा अडली. तुझं पत्र खिशात होतं.

मी तिला काही दिलेलं नाही. पहाटे पाचला उठून गवत तोलतो, गुडघे दुखतात तरी ओणवा होऊन भिजवतो, आणि तू मला फुलदाणीची आठवण करून देतेस. ती फुलदाणी मी आठ वर्षांचा असताना फुटली होती. माझं वय आता छप्पन्न आहे.

तू कागदावरून तबेला चालवतेस. इथला वास तुला येत नाही, घोडी कण्हते ते तुला ऐकू येत नाही, आणि ते काही तुझ्या कानांमुळे नव्हे. बाबा गेले तेव्हा तू दोन ओळी पाठवल्यास, "आता येण्यात अर्थ नाही." त्याआधीही तुला कधी अर्थ सापडला नाही. पन्नास वर्षं एका घोड्यावरून तू बापाशी रुसलीस, आणि रुसवा वाया जाऊ नये म्हणून शेवटपर्यंत निभावलास. आता बाबा नाहीत तर चाबूक माझ्या हातात दिसायला लागला.

अजून एकदा अडली की सही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिसऱ्या वेळी सहीचीही गरज पडणार नाही कदाचित. मूत्रपिंडं थकली आहेत, तूर्त तिला काम बंद.

धाकटा

१ मार्च

काकांना नमस्कार.

मी मोठी ताई. तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे, तेही कामासाठी, याचा राग धरू नका. धाकटा मला खरं सांगत नाही असं वाटतं. तुम्ही मी बारा वर्षांची असल्यापासून या तबेल्यात आहात आणि तुम्ही कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. भुरी सोमवारी सकाळी उठल्यापासून मंगळवारी बाहेर पडेपर्यंत तिच्या तोंडात काय काय जातं, तेवढंच लिहा. यादीतलं आणि यादीबाहेरचं. कोणी दिलं तेही लिहा. तुमच्यावर आळ येणार नाही.

ताई

८ मार्च

ताईंना मोतद्दार काकांचा नमस्कार.

पत्र मिळाले. तुमचे अक्षर अजून तसेच आहे, टोकदार. माझे वाईट आहे, वेळ लागला.

धाकटे मालक खोटे बोलत नाहीत. यादीप्रमाणे सगळे चालते. गवत नऊ किलो, तेल, टरफले, डॉक्टरीणबाईंची पूड. मेजरसाहेब काही देत नाहीत, त्यांच्या खिशात पेपरमिंट असते पण ते स्वतः खातात. सोमवारी सगळे घरी जातात, मी एकटा असतो. सकाळी गवत, तेल. मग अर्धा तास फिरवतो. दुपारी सुट्टीचा डबा. संध्याकाळी गवत. रात्री पाणी. एवढेच.

डबा तुमचाच आहे, विसरला नसाल. जुना पत्र्याचा, कडीचा, त्यावर तुम्ही खिळ्याने ताई कोरले होते. तुम्ही म्हणायच्यात, आपल्याला सुट्टीला गोडधोड मिळते, घोड्यांनी काय पाप केले. जव शिजवून काकवी घालून भरून द्यायच्यात. तांबडा लाडका म्हणून त्याला दोन. तुम्ही गेल्यावर थोरले मालक म्हणाले, काका, ताईचा डबा बंद करायचा नाही. तो मी आजवर एक सोमवार चुकवला नाही. आजारी असलो तरी येऊन देतो. फक्त लेकीकडे गेलो तेव्हा दोन चुकले, त्याची रुखरुख आहे.

धाकट्या मालकांनी यादी लावली तेव्हा मी वाचली. तीत डबा नव्हता. पण डबा कधीच चंदीत धरला नाही, तो लाड आहे. आणि यादी तुम्ही केलेली, तुमचाच डबा तुम्ही कशाला बंद कराल. उलट भुरीची चंदी बंद झाल्याने तोंड एवढेसे दिसते, म्हणून तिला डबा शीग लावून देतो.

काळजी नसावी.

काका

१२ मार्च

धाकट्या,

हे पत्र पोहोचेपर्यंत तुला अर्धं कळलेलं असेल. काकांचं पत्र आज मिळालं आणि मी उभ्या उभ्या फोन केला. तुझ्या बायकोने उचलला असावा, कोणीतरी बाईमाणूस बोलत होतं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तीनदा ओरडून सांगितलं, "सोमवारी काकांना घोडीजवळ जाऊ देऊ नका", आणि ठेवून दिला.

काकांचं पत्र सोबत आहे. वाच, मग पुढे वाच.

तू खोटं बोलत नव्हतास. उत्तर तुझ्याच पत्रात होतं. काका लेकीकडे होते ते दोन मंगळवार घोडी चालली, काका आले आणि अडली. पहिल्या वर्षाच्या मुलालाही ते दिसलं असतं. मी ते वाचलं, त्यावरून नजर पुढे गेली आणि तुला खोटारडा म्हणून मोकळी झाले. तुझी माफी मागते. ही ओळ जपून ठेव, दुसरी मिळणार नाही.

आता तांबडा. हा रोग मी चौतीस वर्षं शिकवला. दर वर्षी फळ्यावर लिहायचे, कारण: सुट्टीच्या दिवशी भरपूर चंदी, दुसऱ्या दिवशी काम. मुलं उतरवून घ्यायची. मग मी तांबड्याची गोष्ट सांगायचे, एका अडाणी मालकाने आजारी घोड्याला चाबकाने कसं मारलं. मुली रडायच्या. त्या गोष्टीत डबा कधीच नव्हता. मला तो आठवत नव्हता असं म्हणणं सोयीचं आहे. चाबूक एवढा मोठा दिसत होता की दुसरीकडे बघायची गरजच वाटली नाही.

त्या सोमवारी मी तांबड्याला दोन डबे दिले होते. जव शिजवताना हात भाजला होता, त्याचा डाग मनगटावर आहे. रोज दिसतो.

चाबूक बाबांचा होता, डबा माझा होता. ते निम्म्याचे धनी, आणि पन्नास वर्षं मी सगळं त्यांच्या नावावर लावत आले. मला आत्ता इतका राग आला आहे की अक्षर कागदाच्या पलीकडे उमटतंय. आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस गेला, ज्याच्यावर काढत होते तो तू निर्दोष निघालास.

भुरीला आणखी दोन आठवडे ठाणावर ठेव. काकांना अजून काही सांगू नकोस.

ताई

१८ मार्च

ती. ताईस,

सा. न.

फोन माझ्या बायकोनेच घेतला होता. तिला वाटलं तुला वेड लागलं. पण निरोप दिला, आणि मी सोमवारी काकांना घोडीपासून लांब ठेवलं. डबाही मीच काढून घेतला. कारण विचारलं तर मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." मला खोटं बोलता येत नाही हे तुला आता तरी पटेल, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि निघून गेले. तेव्हापासून फाटकापाशी स्टुलावर बसलेले असतात. मेजरांना म्हणाले, "एवढी वर्षं काढली, आता माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही. चोरी केली असं वाटतं की काय?" मेजर येऊन माझ्यावर ओरडले. या घरात सगळे माझ्यावरच ओरडतात.

घोडी बरी आहे. लघवी स्वच्छ. उभ्या उभ्या कागद चावला, तुझी यादी अर्धी खाल्ली.

ताई, एक गोष्ट तुला लिहावी की नाही यावर मी दोन दिवस घालवले. शेवटच्या वर्षी बाबांना वार कळत नव्हते. मला ते कधी कधी मेजर समजायचे. पण दिवसातून दोन-तीनदा विचारायचे, "ताईचा डबा दिला का?" दिला म्हटलं की पडून राहायचे. मला वाटायचं म्हातारपणाचा चाळा. तू रागावशील म्हणून तुला कधी लिहिलं नाही, आणि तबेल्याचं लिहायचं नाही असा तुझा हुकूमही होता.

डबा मला माहीत होता. दर सोमवारी तो खुंटीला नसायचा, हे मी जन्मभर बघत आलो. पण तू खाण्याची यादी मागितलीस तेव्हा तो मला खाणं वाटलाच नाही. तो मला तू वाटायचीस.

काकांना काय सांगू? माझ्याने होणार नाही. त्यांना कळलं की एवढी वर्षं आपण आपल्या हाताने हे केलं, तर ते जेवायचे नाहीत. आपण म्हणू, काकवी महाग झाली, म्हणून डबा बंद.

धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्या,

आशीर्वाद.

काकवी महाग झाली असं काही म्हणायचं नाही. त्या माणसाला मी लिहिलं होतं, तुमच्यावर आळ येणार नाही, आणि पंधरा दिवसांत आपण त्याला फाटकापाशी बसवलं. आता वर खोटंही बोलायचं, म्हणजे उरलेलं आयुष्य तो स्वतःला चोर समजत राहील. मला कोणी खरं सांगितलं नाही म्हणून मी बापावर पन्नास वर्षं वाया घालवली. खरं तर मला कोणी सांगायची गरजच नव्हती, तेच तर मी दर वर्षी मुलांना परीक्षेत विचारत होते.

रविवारी येते. स्टेशनवर कोणी येऊ नये, मला सामान उचलता येतं. सोमवारी सगळे गेले की काका आणि मी घोडीपाशी बसू. मी सांगेन. तू त्या वेळी घरी थांब आणि दाराआडून ऐकू नकोस, तुला ती सवय आहे. डबा जागेवर ठेव.

बाबांच्या बाबतीतलं वाचलं. त्यावर मी आत्ता काही लिहिणार नाही.

ताई

७ जून

ताईंना मोतद्दार काकांचा नमस्कार.

तुम्ही जाऊन दोन महिने झाले. तेव्हा मी काही बोललो नाही, म्हणून तुम्हाला वाटले असेल काकांनी समजून घेतले. समजून घेतले नव्हते, मला बोलायला सुचत नव्हते. आता सुचले म्हणून लिहितो.

तुम्ही म्हणालात, चाबूक बाबांचा, डबा माझा, तुमचा काही दोष नाही. ताई, हात माझा होता. तो मी नाकारत नाही. तांबड्यानंतर अशीच तीन गेली. एक काळा, एक मोठ्या खुरांची, एक ती लहान मुलांची ठेंगणी. तिन्ही मंगळवारी अडायची. तिन्ही कामचुकार म्हणून विकली. मी त्यांना शेवटच्या सोमवारी सुद्धा डबा दिला, जाताना तोंड गोड म्हणून. हे मला आता रोज आठवते.

पण राग मला तुमचा आला. तुम्ही शिकलात, चौतीस वर्षे दुसऱ्यांची पोरे शिकवलीत. तुमची एक विद्यार्थिनी आमच्या गावात येऊन बसली, तिला सगळे माहीत. आणि आम्हाला एक कार्ड नाही. सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करा, एवढीच ओळ. थोरल्या मालकांशी बोलायचे नव्हते तर मला लिहायचे होते. मला वाचता येते. चाबूक त्यांच्याकडे होता, डबा माझ्याकडे होता, पण अक्कल एकट्या तुमच्याकडे होती आणि ती घेऊन तुम्ही रुसून बसलात. लहान तोंडी मोठा घास वाटत असेल तर वाटू दे. माझे वय एकाहत्तर आहे.

हे लिहून झाले, आता बरे वाटते.

भुरीचे बारा मंगळवार नीट गेले. डॉक्टरीणबाई म्हणतात रक्त चांगले आहे. सोमवारी आता मेजरसाहेब स्वतः येतात आणि तिला अर्धा तास चालवतात. माफी मागितली नाही, पण रजाही मागत नाहीत. त्यांचा चाबूक कुठे आहे विचारले तर म्हणाले वाळवी लागली. धाकट्या मालकांनी नवी यादी पत्र्यावर रंगवून लावली, घोडीला खाता येऊ नये म्हणून.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे डब्यात आता मीठ असते. रोज चार चमचे, तोलून. सोमवारी ते मीच देतो. घोडी डब्याचा आवाज ओळखते, पहिले काही दिवस आत तोंड घालून माझ्याकडे बघायची, हे काय म्हणून. आता चाटते.

परवा डबा घासताना तुमचे नाव पुसट झालेले दिसले. खिळा घेऊन पुन्हा कोरले. माझे अक्षर वाईट आहे हे तुम्हाला माहीत आहेच. पुढच्या वेळी आलात की तुमच्या हाताने नीट करा. थोरले मालक असते तर त्यांनी विचारले असते, डबा दिला का. मी म्हटले असते, दिला.

काका